आजाऱ्याला सांभाळणाऱ्या बाईची विचारपूस कशी करायची

मी शिरपूर तालुक्यात आशाताई आहे. अर्धांगवायूच्या पेशंटच्या घरी गेले की आधी पेशंटचीच चौकशी करायची, अशी मला सवय होती. एका घरी सासूच्या गोळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा तीन काडेपेट्यांत नीट लावलेल्या दिसल्या. त्याच फळीवर सुनेची लोहाच्या गोळ्यांची पट्टी होती. एकही गोळी फोडलेली नव्हती. तेव्हापासून मी आधी सुनेजवळ बसते.

"टेन्शन आहे का?" असं विचारू नका. हो म्हटलं तर सेवेचा कंटाळा आला असं दिसेल, म्हणून ती नाहीच म्हणते. अहिराणीत विचारा, "माय, तू जेवनी का? रातले झोप लागस का?" मग "डोकं दुखस", "जीव घाबरस" असं उत्तर येतं. तोच धागा धरा. सासूसमोर विचारू नका, भांडी घासायला बसली की शेजारी बसा. पावरा आदिवासींच्या पाड्यावर मी त्यांची पावरी बोली बोलणारी बाई सोबत नेते. पोराला मधे घालून आई मनातलं सांगत नाही.

खरा घात जागरणाचा आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. एकटीने हे केलं तर ती झोपणार कधी? म्हणून रात्री वाटून घ्यायला लावा. श्रावणात कानबाई देवीच्या सणाला, रोटांना भाऊबंदकी जमते, तेव्हाच कोणती रात्र कोणाची ते कॅलेंडरवर लिहून घ्या. "मी पैसे पाठवतो" म्हणणाऱ्या भावाकडून पैसेही घ्या आणि वर्षातला एक आठवडाही मागा. पाड्यावर होळीआधी भोंगऱ्या बाजाराला बाहेर कामाला गेलेली माणसं परततात, तिथे ती वेळ गाठा. रमजानमध्ये सहेरीला घर उठतंच, तेव्हाची पाळी दुसऱ्या कोणावर सोपवा.

भगताकडे जायचं म्हणाली तर वाद घालू नका, दवाखानाही सोडू नको एवढं सांगा.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, किंवा "मी नसते तर बरं" असं बोलली, तर स्पष्ट विचारा, "मरायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका. कपाशीवर फवारायच्या औषधाचे डबे कुलपात घालायला लावा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. तिच्याजवळ बसूनच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.