डन्स स्कोटस वाचताय? मग या चुका टाळा

वर्गात मागे पडणाऱ्याला आपण ‘ढ’ म्हणतो, इंग्रजीत ‘डन्स’. हा इंग्रजी शब्द ज्याच्या नावावरून पडला, तो मध्ययुगातला अत्यंत तल्लख ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ होता. स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा जॉन, म्हणजेच डन्स स्कोटस, फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचा संन्यासी. ऑक्सफर्ड आणि पॅरिसला शिकवून १३०८ मध्ये कोलोनला वारला, जेमतेम चाळिशीत.

तेव्हा पहिली चूक म्हणजे टवाळखोरांच्या शब्दावर त्याला मोजणं. सोळाव्या शतकातल्या नव्या विद्वानांना त्याच्या अनुयायांच्या शब्दच्छलाचा वीट आला होता. १५३५ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा अधिकारी रिचर्ड लेटन याने ऑक्सफर्डहून कळवलं, की न्यू कॉलेजच्या अंगणात स्कोटसच्या ग्रंथांची फाडलेली पानं वाऱ्यावर उडताहेत आणि एक गृहस्थ हरणं बुजवायला ती गोळा करतोय! राग शिष्यांवरचा, पानं मात्र गुरूची फाटली.

नावातही गफलत होते. नवव्या शतकातला जॉन स्कोटस एरियुजेना वेगळा, तो आयर्लंडचा.

याहून घातक चूक त्याच्या नावावर छापलेलं सगळं त्याचंच धरण्याची. विसाव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर, त्याच्यासारखा माणूसही यात फसला. १९१५ च्या आपल्या प्रबंधात त्याने स्कोटसचा म्हणून अभ्यासलेला व्याकरणग्रंथ पुढे एरफुर्टच्या थॉमसचा निघाला. म्हणून १६३९ ची जुनी लियाँ आवृत्ती नुसती चाळून मत बनवू नका. १९५० पासून निघालेली व्हॅटिकनची चिकित्सक, म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून पाहून तयार केलेली आवृत्ती जवळ ठेवा.

सगळ्यात जास्त वाचक अडकतात ते ‘अस्तित्व’ या शब्दापाशी. ईश्वर ‘आहे’ आणि दगड ‘आहे’, यातला ‘आहे’ एकाच अर्थाचा, असं स्कोटस म्हणतो. लगेच आरोप होतो, की याने ईश्वराला दगडाच्या रांगेत बसवलं. पण त्याचा दाखला बघा. प्राचीन तत्त्वज्ञांपैकी कुणी अग्नीला आद्यतत्त्व मानलं, कुणी पाण्याला. ते नेमकं काय, यावर वाद. पण ते ‘आहे’, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. म्हणजे ‘आहे’ ही कल्पना अग्नी-पाण्याच्या आधीची, दोन्हींना सारखीच लागू. सारखेपणा आहे तो आपल्या कल्पनेत, वस्तूंमध्ये नाही. ईश्वर अनंत, दगड सान्त, हे अंतर तो कुठेच पुसत नाही. उलट शब्दाला एक तरी समान अर्थ नसेल, तर ईश्वराविषयी केलेला कुठलाही युक्तिवाद उभाच राहणार नाही, हे त्याचं म्हणणं. मला तरी ते बिनतोड वाटतं.

आणि एक, घाईने वाचणाऱ्यांसाठी. प्रश्न मांडला की स्कोटस आधी समोरच्याची बाजू रंगवतो, तीही इतकी मन लावून, की ती त्याचीच वाटावी. समोर बहुतेक वेळा तेराव्या शतकातला प्रसिद्ध धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस नसतो, त्याच शतकातला दुसरा धर्मशास्त्रज्ञ, गेंटचा हेन्री असतो. एखादं वाक्य त्याच्या मुखी विचित्र वाटलं तर वहीत उतरवून घेण्याआधी चार पानं पुढे जा. बहुधा ते हेन्रीचं असतं आणि तिथे त्याचा समाचार घेणं चालू असतं.