ओट्यावरच्या लाल मुंग्या गेल्या एकदाच्या

पावसाळा लागला की आमच्या ओट्यावर लाल मुंग्यांची रांग ठरलेली, हळद टाकली, खडू ओढला, दोन दिवस बरं मग टाइल्सच्या दुसऱ्या फटीतून परत हजर. समोरच्या मारून उपयोग नाही हो, आतली राणी मेली पाहिजे. मग १ कप कोमट पाण्यात ८ चमचे साखर नि फक्त अर्धा चमचा बोरिक पावडर विरघळवली, कापसाचे बोळे भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवले. पावडर जास्त झाली तर मुंग्या वाटेतच मरतात, घरट्यापर्यंत पोचतच नाही. पहिल्या दिवशी झाकणाभोवती लाल कडाच झाली, सासूबाई फडकं घेऊन आल्या, म्हटलं आई राहू द्या, नेऊ दे त्यांना. बोळा रोज बदलला, पाचव्या दिवशी रांग बंद! घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर झाकण त्यांचा हात पोचणार नाही तिथेच ठेवा.