पी०१३५ कोड आणि चेक इंजिनचा दिवा: कमी खर्चात ऑक्सिजन सेन्सर बदलला

जुनी पेट्रोल हॅचबॅक. चेक इंजिनचा दिवा पेटलेला, ॲव्हरेज घसरलेलं, स्कॅनरवर (गाडीचे दोष दाखवणारं यंत्र) पी०१३५ हा दोषाचा कोड: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणारा डबा) आधीच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरमध्ये बिघाड. कोड पुसला की दिवा पुन्हा हजर. प्लग आणि एअर फिल्टर बदलले, फ्यूजही पाहिला, फरक शून्य. दोन महिने नुसता वैताग.

शेवटी सेन्सरचा कनेक्टर सोडवून मल्टिमीटर लावला. एकाच रंगाच्या दोन वायरी (बहुधा पांढऱ्या) हीटरच्या. तिथे मोजकेच ओहम यायला हवेत. माझं सर्किट ओपन, म्हणजे तुटलेलं होतं. इथे दोष दिसला नाही तर सेन्सरवर खर्च करू नका, वायरिंग तपासा.

कनेक्टरसकट मिळणारा सेन्सर महाग, म्हणून चार वायरींचा युनिव्हर्सल (कनेक्टर नसलेला) घेतला. आदल्या रात्री थंड सायलेन्सरवर, आट्यांपाशी गंज सोडवणारं तेल मारलं. सकाळी इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं, हातमोजे घातले, बॅटरीची निगेटिव्ह काढली. कनेक्टरकडे वीतभर वायर ठेवून बाकीची कापली, म्हणजे २२ चा रिंग पाना सेन्सरवर थेट बसतो. ओपन पान्याने कडा झिजतात.

सोबतच्या कागदावरून रंग जुळवून वायरी क्रिंप केल्या, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडल्या. डाग (सोल्डर) देऊ नका: बऱ्याच सेन्सरना बाहेरची हवा वायरींमधूनच मिळते. नवा सेन्सर आधी हातानेच फिरवत बसवला, मग पान्याने आवळला. टोकाला तेल-ग्रीस अजिबात लागू दिलं नाही. वायर सायलेन्सरपासून लांब बांधली, बॅटरी जोडली, कोड पुसला. दिवा पुन्हा लागलेला नाही.