‘बर्न द मिडनाइट ऑइल’ कोठे वापरावे, कोठे टाळावे

परीक्षा जवळ आली की ठाण्यातील अभ्यासिकांचे दिवे रात्री उशिरापर्यंत चालू राहतात. इंग्रजीत ‘बर्न द मिडनाइट ऑइल’ म्हणतात ते अशाच जागरणाला. वीज नव्हती तेव्हा रात्री वाचायचे किंवा लिहायचे, तर दिव्यात तेल घालावे लागे आणि जितका वेळ काम चाले, तितके तेल जळे. इंग्रज कवी फ्रान्सिस क्वार्ल्स याने १६३५ सालच्या ‘एम्ब्लेम्स’ या पुस्तकात दुपारचा घाम आणि मध्यरात्रीचे तेल असे दोन खर्च शेजारीशेजारी मांडले आहेत: घाम दिवसाच्या कष्टांचा, तेल रात्रीच्या चिंतनाचे. हा भेद ध्यानात ठेवला, तर वापरात सहसा चूक होत नाही.

म्हणून आधी पाहावे की काम डोक्याचे आहे का आणि ते नेहमीची वेळ उलटल्यावर केले आहे का. ऐरोली-महापेकडे रात्री दहाला कामावर हजर होणारा माणूस सकाळपर्यंत जागतो खरा, पण ती त्याची पाळीच असते. तिला हा वाक्प्रचार लावू नये. तोच माणूस दिवसपाळी करून घरी येतो, जेवणाचे ताट बाजूला सारून त्याच टेबलावर लॅपटॉप उघडतो आणि उद्याच्या प्रेझेंटेशनसाठी दोन वाजेपर्यंत बसतो, तेव्हा ‘आय बर्न्ड द मिडनाइट ऑइल’ हे वाक्य त्याला शोभते.

मराठीत ‘रात्रीचा दिवस करणे’ हाच पर्याय घ्यावा. ‘मध्यरात्रीचे तेल जाळले’ असे लिहिल्यास वाचणाऱ्याला तेलाचा भाव आठवेल. उलट भाषांतर करताना मात्र सावध राहावे, कारण आपला वाक्प्रचार अधिक ऐसपैस आहे. लग्नघरी बुंदी पाडणाऱ्या आचाऱ्यांनीही रात्रीचा दिवस केला, असे आपण सहज म्हणतो. इंग्रजी वाक्प्रचाराचा ओढा मात्र वही-पुस्तकाकडे आहे.

‘द’ गाळू नये. मराठीत तसे उपपद नसल्याने आपल्याकडून तो हमखास गळतो. ‘ऑइल’चे अनेकवचनही करू नये.

दोन वाजता झोपून पहाटेची लोकल पकडणे रोजचेच झाले, तर त्यासाठी इंग्रजीत निराळा वाक्प्रचार आहे: मेणबत्ती दोन्ही टोकांनी जाळणे. त्यात मेहनतीचे कौतुक नसते. माणूस स्वतःला झिजवून टाकतो आहे, एवढेच त्यातून सांगायचे असते.