कुंडीत काय भरावं? खानापूरच्या पावसाला एक, सौंदत्तीच्या उन्हाला दुसरं

शेतातली माती कितीही कसदार असली तरी कुंडीत नुसती भरू नये. शेतात पाण्याला खाली मुरायला जागा असते. कुंडीत वाट एका भोकाएवढीच. बेळगाव जिल्ह्यात बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी माती भिजली की चिकट गोळा होते आणि वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी फटीतून सरळ खाली जातं, मुळं कोरडीच राहतात. खानापूरकडची तांबडी माती त्या मानाने बरी.

१२ इंची कुंडीला साधारण १५ लिटर मिश्रण लागतं. प्रमाण घमेल्याने मोजा: चाळलेली तांबडी माती १, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २, मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत २. शिवाय प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. खानापूर तालुक्यात उघड्यावर कुंड्या असतील तर कोकोपीट १ आणि राईस मिलचं भाताचं तूस १ घ्या, म्हणजे पावसाचं पाणी तुंबणार नाही. तूस जुनं, काळपट झालेलं असावं. कोरं तूस कुजताना नत्र ओढून घेतं आणि रोप पिवळं पडतं. सौंदत्ती-रामदुर्गकडे तुसाच्या भानगडीत पडू नका, तिथे ओल धरणंच महत्त्वाचं.

सगळा खेळ खतावर आहे. अर्धवट कुजलेलं शेणखत कुंडीत गरम होतं, मुळं भाजतात. त्यातून हुमणी आली तर ती मुळं कुरतडते आणि हिरवं रोप अचानक मान टाकतं. म्हणून खत आधी कागदावर पसरून पांढऱ्या, वाकड्या अळ्या वेचून काढा. मुरलेलं खत काळसर, भुसभुशीत असतं. त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. शंका असेल तर ओलसर मूठभर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन दिवस घट्ट बांधून ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा नाकात झोंबणारा वास आला तर ते अजून दोन महिने उकिरड्यातच राहू दे. साखर कारखान्याच्या प्रेसमडलाही (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) हाच नियम, ताजा कधीच नको. निपाणीकडे तंबाखूचा चुरा हाताशी असला तरी टोमॅटो-मिरचीच्या कुंडीत टाकू नका. वाळल्या पानातही मोझॅकचा (पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणाऱ्या रोगाचा) विषाणू टिकतो.

कोकोपीटची ५ किलोची वीट २० ते २५ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, मग दोन-तीनदा धुऊन पिळा. बिनधुतल्या विटेतल्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात.

सगळं कालवून मूठ दाबा. गोळा व्हावा, पण बोटाने टोचताच फुटावा. पाणी ठिबकलं तर मिश्रण जास्त ओलं आहे.

तळाच्या भोकावर एकच खापर उपडं ठेवा. खडीचा जाड थर देण्याची सवय सोडा; पाणी त्या थराच्या वरच अडतं आणि मुळांची जागा मात्र कमी होते. मिश्रण ठोकून बसवू नका. वर दीड इंच मोकळं सोडा, रोप लावा आणि खालून पाणी येईपर्यंत हळू पाणी घाला. पावसाळ्यात खालची ताटली काढून टाका.

पुढे पाणी कडेने निसटायला लागलं तर कोकोपीट पार वाळलंय. कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवा. बोअरच्या पाण्याने वर पांढरा थर आला तर तो खरवडून पावसाचं साठवलेलं पाणी भरपूर ओता. दीड महिन्याने दोन मुठी गांडूळखत द्या. वर्षभरात मिश्रण खाली बसतं. तेव्हा वरचं एक तृतीयांश काढून नवं भरा.