देवक जुळलं, पण कायद्याचं काय? नात्यात लग्न ठरवताना या चुका टाळा

बेळगावकडे स्थळ आलं की पहिला प्रश्न देवकाचा, दुसरा गोत्राचा. कायद्याला या दोहोंशी देणंघेणं नाही. सगोत्र लग्नाची अडचण १९४६ च्या कायद्यानेच दूर झाली, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात देवकाचा उल्लेखही नाही. एकच देवक निघालं म्हणून स्थळ सोडायचं असेल तर जरूर सोडा, फक्त ‘कायद्यात बसत नाही’ असं समोरच्याला सांगू नका.

जिथे खरोखर बसत नाही, तिथे मात्र कुणी विचारतही नाही. मामाची मुलगी घ्या. आपल्याकडे ती हक्काची. पण कायद्याच्या निषिद्ध यादीत बहीण-भावाची मुलं आहेत, दोन भावांची आणि दोन बहिणींचीही आहेत, मामा-भाची आणि आत्या-भाचा आहेत, भावाची बायकोसुद्धा आहे (म्हणजे विधवा भावजयीशी दिराचा पाटही). हे सांगितलं की लोक हसतात. “आमच्यात चालतंय की!”

चालतं ते रूढीमुळे, आणि कायद्याची अट अशी की ती रूढी नवरा-नवरी दोघांनाही लागू असली पाहिजे. सीमाभागात गाडी नेमकी इथे अडते. कानडी शेजाऱ्यांत ‘अक्कन मगळु’, म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी, करण्याची रीत अनेक घरांत आहे. मराठा घरात मामा-भाचीचं नाव काढलं तर म्हातारी माणसं कानावर हात ठेवतात. मामाची मुलगी चालेल, पण आत्याची नको, वेल परतू नये, असंही तीच सांगतात. आता आई कानडी घरातली, वडील मराठा, आणि मागणी आली सख्ख्या मामाची. मामाकडे रीत आहे एवढ्याने भागत नाही. मुलगी ज्या घरची, तिथेही ती रीत असल्याचं दाखवावं लागतं.

दाखवायचं कसं? रूढी म्हणजे दीर्घकाळ सलग, एकसारखी पाळलेली रीत. कुणाच्या आजीने, कुणाच्या चुलत्याने असं लग्न कधी केलं, त्याची नावानिशी यादी लागते. ती सांगणारी माणसं हयात आहेत तोवर वंशावळ लिहून काढा. सपिंड विवाहाच्या, म्हणजे ठराविक पिढ्यांत एकच पूर्वज असलेल्यांच्या लग्नाच्या, मनाईला आव्हान देणारी याचिका २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली, आणि त्या प्रकरणातही रूढी सिद्ध झाली नव्हती.

सपिंडाची मोजणी बहुतेक जण चुकवतात, कारण ते वडिलांपासून सुरुवात करतात. पहिली पिढी तुम्ही स्वतः. वडिलांकडून पाच: तुम्ही, वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. आईकडून तीनच: तुम्ही, आई, तिचे आईवडील. सामाईक पूर्वज दोघांच्याही मोजणीत आला तरच सपिंड. म्हणून आईच्या सख्ख्या चुलतभावाची मुलगी सपिंडात येत नाही. सामाईक पूर्वज तिच्या बाजूने चौथा, म्हणजे मर्यादेत असला तरी मुलाच्या आईकडूनही तो चौथाच, म्हणजे बाहेर.

मेहुणीशी (पहिली बायको वारल्यावर किंवा रीतसर घटस्फोट झाल्यावर) आणि साटंलोटं करून लग्नाला मनाई नाही. दत्तक गेलेल्या मुलाला जन्मघरातली बंधनं तशीच राहतात, हे मात्र विसरलं जातं. घटस्फोटाचा हुकूम हातात पडला की लगेच बोहल्यावर चढू नका. अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे.

“मग कोर्ट मॅरेज करू” हा सल्ला नात्यातल्या लग्नाला बहुधा उलटाच पडतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही आते-मामे भावंडं निषिद्ध आहेत, आणि तिथे रूढी म्हणजे सरकारने राजपत्रात जाहीर केलेली रूढी. शिवाय तीस दिवसांची नोटीस आहेच.

कर्नाटकातल्या निपाणीऐवजी महाराष्ट्रातल्या कागलला किंवा चंदगडला मांडव घातला तरी नात्याचे नियम तेच, कारण कायदा केंद्राचा आहे. वयाची लपवाछपवीही तिकडे जाऊन पचत नाही: मुलगी १८, मुलगा २१, आणि बालविवाह लावणाऱ्याला दोन्हीकडे दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी. मोठा फरक हा की २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात असं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं, तर महाराष्ट्रात ते रद्द करून घ्यावं लागतं.

हे हिंदू कायद्याचे नियम लिंगायत आणि जैन कुटुंबांनाही लागू आहेत. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे.

आणि लग्न होऊन गेलं असेल तर? निषिद्ध नात्यातल्या लग्नाची शिक्षा एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तिला कुणी भीत नाही. फटका बसतो तो नवरा गेल्यावर, उताऱ्यावर नाव लावताना. दीर उठून म्हणतो, हे लग्नच नव्हतं. सब-रजिस्ट्रारचा दाखला तेव्हा वाचवत नाही, कारण नोंदणीने रद्दबातल लग्न कायदेशीर होत नाही. मुलांचं मात्र भय नको. ती औरस मानली जातात, आणि कर्नाटकातूनच गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं की आईवडिलांच्या वाट्यात त्यांना हिस्सा आहे, वडिलोपार्जितातल्या वाट्यातसुद्धा. बायकोसाठी स्वतंत्र तजवीज करा: नवरा धडधाकट असतानाच तिच्या नावाने मृत्युपत्र, आणि बँकेत, विम्यात तिचं नामनिर्देशन. मृत्युपत्रात नुसतं ‘माझी पत्नी’ लिहू नका, तिचं पूर्ण नाव घाला.