मूळव्याध, आव की आतड्याचा दाह?

शौचातून रक्त गेलं की मूळव्याधीचं मलम आणि आव पडली की मेट्रोनिडाझोल ही जंतुनाशक गोळी, असं करत अनेकांची वर्षं जातात. तोवर अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) किंवा क्रोन्स (पचनमार्गात कुठेही होणारा दाह) आत पसरत राहतो. या दोन्ही आजारांना मिळून आयबीडी, म्हणजे आतड्याचा दीर्घकाळचा दाह, म्हणतात. ते बहुधा १५ ते ३५ या वयात सुरू होतात.

आधी काळ पाहा. जंतुसंसर्गाचे जुलाब साधारण दोन आठवड्यांत थांबतात. चार आठवडे उलटले, किंवा बरं वाटून पुन्हा तेच सुरू झालं, तर तपासणी हवीच.

मग रक्त नीट पाहा. मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं, शौचानंतर थेंबथेंब पडतं. कोलायटिसमध्ये ते पातळ मळात आणि शेंबडासारख्या आवेत मिसळलेलं असतं. घाई आवरत नाही, जाऊन आल्यावरही मुरडा राहतो. मात्र दाह फक्त गुदाशयापुरता असेल तर मळ घट्ट राहतो, बद्धकोष्ठही होतं. फसगत इथेच जास्त होते.

क्रोन्समध्ये रक्त दिसेलच असं नाही. ओटीपोटात उजवीकडे दुखणं, वजन घटणं, बारीक ताप, वारंवार तोंड येणं, शस्त्रक्रियेनंतरही उलटणारं भगंदर ही त्याची लक्षणं. आतड्याचा क्षयही बराचसा असाच दिसतो. क्षयाची शंका फिटण्याआधी स्टिरॉइड दिले तर क्षय बळावतो, म्हणून बायोप्सी (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणं) टाळू नका.

झोपेतून उठवणारे जुलाब, सुजलेले गुडघे-घोटे, लाल होऊन दुखणारा डोळा, नडगीवरच्या दुखऱ्या लाल गाठी, मुलांची खुंटलेली उंची हेही डॉक्टरांना सांगा. नुसत्या आयबीएसमध्ये, म्हणजे दाह नसलेल्या आतड्याच्या त्रासात, हे सहसा नसतं.

हिमोग्लोबिन, सीआरपी (रक्तातून दाह दाखवणारी चाचणी), मळाची तपासणी आणि मळातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या दाहात वाढणारं प्रथिन) या पहिल्या चाचण्या. कॅलप्रोटेक्टिन ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर दाहाची शक्यता कमी. २५० च्या वर गेलं तर कोलोनोस्कोपी (दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी) लांबवू नये. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही हा आकडा वाढतो, त्यामुळे चालू गोळ्यांची यादी सोबत न्या.

दिवसात सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब आणि जोडीला ताप किंवा ९० च्या वर नाडी असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जुलाब थांबवायला लोपरामाइड घेऊ नका. अशा वेळी मोठं आतडं फुगून फुटण्याचा धोका असतो.